भंगारातली हत्यारं: हा काळा चिकटा जाता जात नाही

हातोडीराव
मंडळी, बंद पडलेल्या एका वर्कशॉपच्या भंगारातून हत्यारांची पेटी हाती लागली आहे. आत एक लोखंडी रंधा, दोन पटाश्या, चार-सहा पाने, एक पक्कड, एक करवत, एक-दोन स्क्रू ड्रायव्हर आणि कानशींचा गठ्ठा. गंज आहेच, पण गंजाचं फार वाटत नाही. खरा वैताग आहे तो वरच्या काळ्या थराचा. तेल, भुसा, धूळ सगळं एकजीव होऊन वर्षानुवर्षं वाळलंय. रात्रभर घासलेटमध्ये ठेवून पाहिलं. वरवरचं सुटलं, खालचं जसंच्या तसं. काही ठिकाणी नख घसरतं आणि तारेचा ब्रश मारला की तो थर उलट चकाकायला लागतो. पक्कड तर उघडतच नाही.

शोभेला ठेवायची नाहीत, वापरायची आहेत. सुरुवात कुठून करू?

खटपट्या
ग्राइंडरला तारेचं चाक लावा, दहा मिनिटांत चांदी. पुढचा प्रश्न?

जुनाट
चांदीही होईल आणि वाटोळंही. चाकाने पटाशीची कड गोल होते, पान्यावर ठोकलेली अक्षरं बुजतात आणि ओला चिकटा तापून आणखी पसरतो. शिवाय त्या चाकाच्या तारा तुटून सुया सुटल्यासारख्या उडतात. डोळ्याला गॉगल नसेल तर तो उद्योग करूच नये. हाताने जमत असेल तिथे यंत्र कशाला?

खटपट्या
कारण हात दुखतात, काका.

रसायनवाली
हातोडीराव, घासलेटने खालचा थर का हलला नाही त्याचं कारण साधं आहे. ताजं तेल घासलेटमध्ये विरघळतं. पण तेल हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलं की ऑक्सिजनशी जोडलं जाऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याचं जवळजवळ व्हार्निश होतं. अळशीच्या तेलाचं हे लवकर होतं, मशीनच्या तेलाचं उशिरा. असं झालेलं तेल नुसत्या घासलेटला दाद देत नाही.

तेव्हा आधी थर कसला आहे ते बघा. पांढऱ्या चिंधीवर घासलेट घेऊन एका कोपऱ्यात जोरात पुसा. चिंधी तपकिरी-काळी झाली तर तेल अजून जिवंत आहे. लाल भुकटी आली तर गंज. काहीच आलं नाही तर चिंधीला थिनर लावून पुन्हा पुसा. आता काळं आलं तर वाळलेलं तेल किंवा रंग. थिनरनेही काही आलं नाही तर तो मळ नसेलही.

आणि गंजाच्या मागे आधी लागू नका. तेलाच्या थराखाली ॲसिड पोचत नाही. आधी चिकटा, मग गंज. मधे एकदा पाणी ओतून बघायचं. पाणी सगळीकडे सपाट पसरलं तर धातू स्वच्छ, थेंब गोळा होऊन राहिले तर तेल अजून आहे.

नुसताच वाचक
वाचनखूण साठवली. ताई, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं.

पाना पक्कड
ताईंचं बरोबर आहे, पण "मळ नसेलही" हे तुम्ही शेवटी सांगितलंत, ते पहिल्या ओळीत हवं होतं. हातोडीराव, रंध्यावरचा काळा थर कुठे आहे? बाजूंवर आणि तळाला, की फक्त आतल्या भागात, जिथे पातं बसतं तिथे?

हातोडीराव
आत्ता बघून आलो. तळ आणि बाजू गंजलेल्या आहेत. काळं, चकाकणारं सगळं आत, पात्याच्या मागे-पुढे.

पाना पक्कड
मग हात लावू नका! तो कारखान्यातला लेप आहे. जुन्या लोखंडी रंध्यांना आतून डांबराच्या जातीचा काळा लेप देऊन भट्टीत भाजत. तळ आणि बाजू घासून सपाट करायच्या असल्यामुळे तिथे लेप नसतो. नख घसरतं, ब्रशने चकाकतो, हीच त्याची खूण. थिनर किंवा कॉस्टिक सोडा लावलात तर मळाबरोबर तोही उतरेल, आणि खालचं बीड उघडं पडून गंजेल. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, दात घासायचा जुना ब्रश. बस. लगेच पुसून कोरडं करा.

पान्यांवरही तपासा. ठोकून घडवलेल्या पान्यांवर काळी, घट्ट, निळसर झाक असलेली खपली असते, ती तापलेल्या लोखंडाची असते. ती काढायची गरज नाही. उलट तिच्यामुळे गंज थोडा लांब राहतो. व्हिनेगरमध्ये टाकलंत तर हीसुद्धा विरघळते आणि पाना निर्जीव करडा दिसायला लागतो.

खटपट्या
म्हणजे निम्मा चिकटा चिकटाच नाही. धागा इथेच संपवायचा का?

हातोडीराव
नाही नाही, पाने तर खरंच बरबटलेत. दोन पाने एकमेकांना चिकटलेत!

चिकटगुंडा
पान्यांसाठी सरळ उपाय. प्लास्टिकचा टब, उकळतं पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, वर भांड्यांचा लिक्विड साबण. पाने बुडवून झाकून ठेवा, पाणी गार झालं की बदला. दुसऱ्या पाण्याला थर फुगतो, कडेने उचलला जातो आणि बोथट लाकडी पट्टीने खरवडला तर काकवीसारखा ओघळतो. पट्टीच्या टोकाला गोळा होतो, तो कागदावर पुसत जा, नाहीतर तोच मळ पुढच्या पान्यावर. पान्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात आणि आकडे ठोकलेल्या खाचांत तो शेवटपर्यंत अडून बसतो. तिथे टूथपिक. आकडे वाचता आले की काम झालं समजा.

गरम पाणी हा निम्मा उपाय आहे. तोच सोडा गार पाण्यात टाकलात तर आठवडाभर बघत बसाल.

खटपट्या
धुण्याच्या सोड्याने काय होतंय? कॉस्टिक सोडा टाका. सगळं साफ. रंगसुद्धा.

रसायनवाली
रंगसुद्धा आणि कातडीसुद्धा. कॉस्टिकला माझा विरोध नाही, पण अर्धवट माहितीवर वापरू नका. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, उकळी फुटून अंगावर येतं. लांब रबरी हातमोजे, गॉगल, उघडी हवा. ॲल्युमिनिअमला लागला तर ते फसफसत विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. जस्ताचा मुलामा गेलाच समजा. लाकडी मूठ कॉस्टिकमध्ये बुडवली तर काळवंडते, तंतू उसवतात. फक्त निव्वळ लोखंड आणि पोलादासाठी, तेही गरज असेल तरच.

आणखी एक. वनस्पती तेलाचा थर कॉस्टिकपुढे टिकत नाही, कारण त्या तेलाचा साबण होतो. खनिज तेलाचा साबण होत नाही. म्हणून मशीनच्या तेलाच्या चिकट्यावर कॉस्टिक टाकून लोक म्हणतात "काहीच फरक नाही". तिथे लिक्विड साबण आणि गरम पाणीच जास्त उपयोगी.

भुश्यातला
पेट्रोलचं कोणी नाव काढलं नाही अजून, बरं झालं. कोणी काढायच्या आधीच सांगतो: पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेटू शकते. घासलेटला त्यासाठी निदान ३८ अंश लागतात. बंद खोलीत टबात पेट्रोल ओतून ब्रश मारणं म्हणजे फटाक्याच्या कारखान्यात विडी ओढणं.

खटपट्या
मी काढणारच होतो.

जुनाट
मला एक वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. हत्यार किती साफ करायचं? इथे प्रत्येकाला आरसा हवाय. जुन्या पोलादावर जी गडद तपकिरी-काळी झाक येते ती बरीचशी घट्ट बसलेला ऑक्साइड असतो. तांबडा गंज पोकळ असतो, पाणी धरतो, तो काढायलाच हवा. काळा चिकटून बसतो आणि खालच्या धातूला फारसा त्रास देत नाही. तांबडा गेला, काळा राहिला, की थांबायचं. पॉलिश पेपरने तो घासून काढणारा माणूस हत्यारापेक्षा स्वतःच्या डोळ्यांची हौस भागवत असतो.

पाना पक्कड
काका, पटाशीची पाठ मात्र सपाट आणि चकचकीतच लागते, निदान धारेजवळ. तिथे तुमची झाक चालणार नाही. पाठीत खड्डे राहिले तर धार खड्ड्यापाशी तुटते.

जुनाट
धारेजवळचं मान्य. मी दांड्याबद्दल बोलतोय.

पाना पक्कड
मग भांडण नाही.

खटपट्या
अरेरे.

भुश्यातला
खटपट्या, तुमचा ग्राइंडर पटाशीच्या धारेपासून लांब ठेवा एवढीच विनंती. कार्बन पोलाद तापलं की आधी गव्हाळ रंग येतो, साधारण २२० ते २३० अंशांना. मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. धारेवर निळा दिसला की तेवढा भाग मऊ पडला, तो घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. कोणी कोणी चिकटा जाळायला ब्लो टॉर्च लावतात, त्यानेही हेच होतं.

आळशी अळशी
लाकडी मुठीचं कोणी सांगत नाहीये म्हणून मी सांगते. पटाशीची मूठ कशातही बुडवू नका. पाण्यात फुगते, सुकताना भेग पडते, आणि पात्याचं मुठीत घुसलेलं शेपूट आत गंजलेलं असेल तर मूठ उकलते. चिंधीला टर्पेंटाइन लावून चोळा. मळ हटत नसेल तर काचेच्या तुकड्याची किंवा पातळ पोलादी पट्टीची सरळ कड घेऊन तंतूंच्या दिशेने हलकेच ओढा. काळा पापुद्रा बारीक किसासारखा निघतो आणि खाली लाकूड दिसतं. पण घाम आणि हात लागून आलेली गडद छटा काढू नका, तशी पुन्हा यायला वर्षं जातात. मग अळशीचं तेल पातळ लावायचं, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून टाकायचं. पुसलं नाही तर मूठ चिकट राहते आणि पुन्हा चिकटा सुरू.

रसायनवाली
अळशीच्या तेलाच्या चिंध्या! त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते, आणि बोळ्यात ती अडकून चिंधी आपोआप पेटते. ही ऐकीव गोष्ट नाही, खरोखर आगी लागतात. उघड्यावर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नुसताच वाचक
मी आजवर बोळेच करत होतो. आता उठून बघून येतो.

कणकण
गंजाबद्दल. लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. तेल पूर्ण काढलेलं हत्यार त्यात बुडवा, तासातासाने बाहेर काढून ब्रश मारा. हलका गंज काही तासांत सुटतो. विसरून ठेवलंत तर धातूही खातो आणि वर काळपट थर सोडतो. धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकून फेस येऊ दिला की द्रावण सौम्य होतं आणि पोलादाला कमी चावतं.

बाहेर काढल्यावर खरी धावपळ. स्वच्छ पाण्यात खंगाळा, मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात, मग गरम पाण्यात, म्हणजे लवकर सुकतं. फडक्याने पुसा, हेअर ड्रायर फिरवा आणि लगेच तेल. चहा करायला गेलात तर परत येईपर्यंत नारिंगी झाक आलेली असते.

खटपट्या
हायड्रोक्लोरिक ॲसिड, दोन मिनिटं. संडास धुवायचं असतं तेच.

कणकण
त्याची वाफ. बंद बाटलीतूनही थोडीफार सुटते आणि खोलीतल्या इतर सगळ्या हत्यारांवर गंज चढतो. ज्या हत्याराला साफ केलं ते एक, आणि बिघडलेली वीस. आणि हे ॲसिड ब्लीचच्या जवळपासही नेऊ नका, क्लोरीन वायू होतो.

शिवाय जे पोलाद कडक किंवा स्प्रिंगसारखं आहे, जसं करवतीचं पान, ते तीव्र ॲसिडमध्ये ठेवू नका. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं, मग वाकवताना तडकतं.

भुश्यातला
जास्त गंजलेल्या गोष्टींना इलेक्ट्रोलिसिस. बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, चार लिटरला एक मोठा चमचा. बॅटरी चार्जरची काळी तार हत्याराला, लाल तार टाकाऊ लोखंडाच्या पट्टीला. दोन्ही एकमेकांना लागू द्यायच्या नाहीत. हत्यारावर बुडबुडे येतात, गंज सैल होतो, धातू खाल्ला जात नाही. पट्टीसमोरची बाजू लवकर साफ होते, म्हणून हत्यार फिरवत राहा. आधी चार्जर बंद करून, मग हात घाला.

दोन गोष्टी पाळायच्याच. पट्टी स्टेनलेसची नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि सोड्याऐवजी मीठ नको, क्लोरीन सुटतो. हायड्रोजन तर सुटतोच, म्हणून उघड्यावर, ठिणगीपासून दूर.

खटपट्या
स्टेनलेसचा चमचा वापरणार होतो. ठीक आहे, ठीक आहे.

तानापिहिनिपाजा
अवांतर. डब्ल्यूडी-४० कोणी का सुचवत नाहीये? प्रत्येक घरी असतो.

पाना पक्कड
आत शिरायला बरा, राखायला नाही. तो १९५३ मध्ये मुळात पाणी हटवायला बनवला होता, म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसावा प्रयत्न. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. ओलावा हटवतो, चिकटा थोडा मऊ करतो, पण मागे उरतो तो थर पातळ. साफ केल्यावर राखायला मशीनचं तेल किंवा मेण लावा. जुना रंग असलेल्या हत्यारांचं मात्र जपा, शिसं असू शकतं. सुकं खरवडून भुकटी उडवू नका, ओलं करून काढा.

हातोडीराव
सगळ्यांचे आभार. पाने चिकटगुंडांच्या सोड्यात टाकले. दोन पाने सुटले! पाणी पहिल्यांदा चहासारखं, नंतर काळं. एका पान्यावर निळसर खपली दिसली, तिला सोडून दिलं. रंधा साबणाने धुतला, आतला लेप चक्क शाबूत आहे.

पक्कड मात्र हट्टीच आहे. सांध्यावर घासलेट ओतून ठेवलं होतं, हलत नाही. हातोडी मारू का?

खटपट्या
नाव हातोडीराव आणि विचारताय!

चिकटगुंडा
नको. सांध्यात दोन गोष्टी बसल्यात: बाहेर वाळलेलं तेल, आत गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून सांधा आवळला गेलाय. आधी सोड्याच्या उकळत्या पाण्यात पक्कड पूर्ण बुडवा, तेल फुगू द्या. मग पक्कड सुकवून सांध्यात शिरणारं पातळ तेल लावा. गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समसमान घेतलं तरी चालतं, पण ते एकमेकांत नीट मिसळत नाहीत, दर वेळी हलवून लावा, आणि ज्वालेजवळ नको. काही तास थांबा. मग दोन्ही हातांत मुठी धरून हळूच मागे-पुढे. उघडायच्या मागे लागू नका, फक्त केसाएवढी हलवा.

एकदा हलली की सांध्यातून तांबडी लापशी बाहेर येईल. ती पुसा, पुन्हा तेल, पुन्हा उघड-मीट. लापशी आधी तांबडी, मग तपकिरी, मग करडी होते. पुसल्यावर चिंधी स्वच्छ निघेपर्यंत चालू ठेवा. लापशीसकट हलवत बसलात तर तीच घासून सांधा सैल होतो.

जुनाट
आणि रिव्हेटला आगीने तापवू नका. उकळत्या पाण्याने जेवढं तापतं तेवढंच पुरे.

आळशी अळशी
स्क्रू ड्रायव्हरच्या मुठींवर पांढरी भुकटी आहे का? आणि आंबूस वास? जुन्या पारदर्शक पिवळ्या मुठी अशा होतात. त्या सेल्युलोजपासून बनवलेल्या प्लास्टिकच्या असतात, जुन्या झाल्या की ब्युटिरिक ॲसिड बाहेर येतं, वास त्याचाच. साबण-पाणी आणि ब्रश पुरेसं. ॲसिटोन लावलं तर मूठच विरघळते.

हातोडीराव
वास! मला वाटलं पेटीत उंदीर मेलाय.

खटपट्या
कानशींचं काय? कानशी मी साफ करतो बरं का, त्यात मला कोणी शिकवू नका. दातांच्या रेषेनेच तारेचा ब्रश, आडवा मारला की दात बोथट होतात. अडकलेला धातूचा कण काढायला पितळेची पट्टी रेषेत ढकलायची, ती स्वतःच दातांच्या आकाराची होते. साफ झाल्यावर खडू चोळायचा, पुढच्या वेळी कण कमी अडकतात.

पाना पक्कड
खटपट्या, हे तुमचंच अकाउंट आहे ना?

कणकण
हेच लिहिणार होतो. भर एवढीच, की तेल काढलेली कानस व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवली तर दात थोडे पुन्हा धरतात, कारण ॲसिड खाचा खोल करतं. पण ज्यांचे दात झिजून सपाट झालेत त्यांचं काही होत नाही.

हातोडीराव
पक्कड हलली! अजून तांबडी लापशीच येतेय, चिंधी स्वच्छ होईपर्यंत चालू ठेवतोय. करवतीवर मळाखाली पात्यावर पुसट नक्षी आणि अक्षरं दिसतायत. आता पॉलिश पेपर फिरवायला भीती वाटते.

जुनाट
नक्षीवर बारीक पेपर, टर्पेंटाइनने ओला, सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, लांबीच्या दिशेने. बोटांनी दाबू नका, बोट खोलगट भागात शिरतं आणि नेमकी अक्षरं जातात. ठोकळा उंच भागावरूनच जातो. दोन-चार फेऱ्यांनंतर पुसून बघत जा.

आळशी अळशी
आणि टर्पेंटाइनच्या चिंध्या कुठे ठेवल्यात?

हातोडीराव
बादलीत, पाण्यात. नुसताच वाचकांचं काय झालं?

नुसताच वाचक
बोळे सापडले. तीन होते, गार होते. सगळे पाण्यात.